घटस्फोट आणि मुलांचा ताबा: संशोधन काय सांगतं, कायदा काय म्हणतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना कुटुंब हा विषय शिकवताना आणि कोर्टाची पायरी चढायच्या बेतात असलेल्या आईवडिलांशी बोलताना मला फिरून फिरून तेच प्रश्न ऐकू येतात. विद्यार्थ्यांना आकडे हवे असतात, पालकांना फक्त ‘ताबा कुणाला मिळेल’ एवढंच हवं असतं. माझं म्हणणं असं, की दोन्ही एकत्र वाचायला हवं. गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर जे काम झालं, त्यातून दिसतं ते हे: कोर्टात कोण जिंकलं, यापेक्षा आईवडिलांमधलं भांडण पुढे किती चाललं, यावर मुलाचं बरंवाईट जास्त ठरतं. खालची उत्तरं सर्वसाधारण माहितीची आहेत. तुमच्या केसचा सल्ला मात्र वकिलाकडूनच घ्या.

घटस्फोटामुळे मुलांचं आयुष्य बिघडतं, हे सिद्ध झालंय ना?

असं सरसकट सिद्ध झालेलं नाही. हा समज बराचसा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांच्या कामातून पसरला. १९७१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमधली ६० कुटुंबं, त्यातली १३१ मुलं, अभ्यासाला घेतली आणि पंचवीस वर्षं त्यांचा माग ठेवला. मोठेपणी ही मुलं स्वतःच्या लग्नाला घाबरतात, विश्वास ठेवताना अडखळतात, असं त्यांना दिसलं. मुलाखती इतक्या बारकाईने घेतल्या होत्या की वाचणारा हेलावतो. पण कुटुंबं थोडी, एकाच सुखवस्तू भागातली, आणि न मोडलेल्या घरांतल्या मुलांशी सुरुवातीपासून तुलना नाही.

मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात जवळपास १,४०० कुटुंबांचा अभ्यास केला, काहींचा तर तीन दशकं, आणि तोही तुलनेसह. घटस्फोटित घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. या आकड्यांतून दोन्ही गोष्टी वाचाव्या लागतात. धोका अडीच पट वाढतो, हे खरं. आणि चारातली तीन मुलं सावरतात, हेही तितकंच खरं. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये ९२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही दोन्ही गटांतला सरासरी फरक लहानच निघाला.

फक्त ‘सावरली’ म्हणजे ‘दुखलं नाही’ असा अर्थ कुणी काढू नये. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी हा भेद आग्रहाने मांडला आहे. शिकून नोकरीला लागलेला तरुण संशोधकाच्या तक्त्यात ठीकच दिसतो, तरी वडिलांच्या न झालेल्या फोनची आठवण त्याच्या मनात असतेच.

मग मुलांसाठी सहन करून एकत्र राहावं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, आणि शेजारी तिची आई बसलेली असते. उत्तर घरात काय चाललंय त्यावर अवलंबून आहे. अमाटो आणि अ‍ॅलन बूथ यांनी १९८० पासून अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार विवाहित लोकांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा गाठलं, पुढे त्यांच्या मुलांनाही विचारलं. ज्या घरांत कडाक्याची भांडणं होती, तिथली मुलं आईवडील वेगळे झाल्यावर अधिक बरी राहिली. ज्या घरांत वरकरणी शांतता होती, मुलांना काही कल्पना नव्हती आणि एके दिवशी अचानक घर मोडलं, तिथल्या मुलांना मात्र जबर धक्का बसला. आणि त्यांच्या नमुन्यात मोडलेल्या संसारांपैकी असे शांत वाटणारेच जास्त होते.

म्हणून ‘मुलांसाठी राहा’ किंवा ‘मुलांसाठीच बाहेर पड’ असा एकच सल्ला सगळ्यांना देणारा माणूस, मग तो नातेवाईक असो की तज्ज्ञ, मला बेजबाबदार वाटतो. जिथे मारहाण आहे, तिथे तर हा तोलून बघायचा प्रश्नच राहत नाही. आधी सुरक्षितता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

आम्ही मुलांसमोर भांडत नाही. तरी त्यांना कळतं?

कळतं. मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या मते मूल सतत एकच अंदाज घेत असतं: हे घर टिकणार का, मी सुरक्षित आहे का? अबोला, आदळलेलं दार, जेवताना एकमेकांकडे न बघणं, यातून ते उत्तर शोधतं. वाद झालाच आणि तो मुलाला दिसेल असा मिटला, तर त्याची झळ बरीच कमी होते.

त्याहून वाईट असतं मुलाला मध्ये घालणं. बुकॅनन, मॅकोबी आणि डॉर्नबुश यांनी १९९१ मध्ये किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण आईवडिलांच्या मध्ये अडकलोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात नैराश्य आणि वर्तनाच्या तक्रारी जास्त होत्या. मूल किती दिवस कुणाकडे राहतं, यापेक्षा पालक एकमेकांशी कसे वागतात यावर ते अडकणं ठरत होतं. आपल्याकडे हे फार साध्या वाक्यांतून घडतं. ‘बाबांना सांग, फीची तारीख उलटून गेली.’ ‘आजीने काय खायला दिलं? आणि घरी कोण कोण आलं होतं?’ विचारणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. पण परतल्यावर दप्तर काढायच्या आधी चौकशी होणार हे कळलं, की सात-आठ वर्षांचं पोर काय सांगायचं आणि काय नाही, हे रिक्षातच ठरवायला लागतं.

संशोधक हे ठरवतात कसं? घटस्फोटाचा प्रयोग थोडाच करता येतो?

नाही करता येत, आणि हीच या सगळ्या संशोधनाची मोठी मर्यादा आहे. घटस्फोट घेणारी कुटुंबं आधीपासूनच वेगळी असू शकतात: पैशाची ओढाताण, व्यसन, आजारपण. मग मुलाच्या अडचणी घटस्फोटामुळे आल्या की त्याच्या आधीपासून होत्या? चांगले अभ्यास म्हणूनच मुलांना घर मोडण्याच्या आधीपासून बघतात. तसं बघितलं, की ज्याचं खापर आपण घटस्फोटावर फोडतो त्यातलं बरंच काही आधीच सुरू झालेलं आढळतं. विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, की कुठल्याही आकड्याखाली आधी ‘कुणाच्या तुलनेत?’ हे शोधा.

मध्यस्थी म्हणजे वेळकाढूपणा आहे असं वकील म्हणतात. खरं का?

एमरी यांचा अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो, कारण या क्षेत्रात क्वचित होणारी गोष्ट त्यांनी केली. व्हर्जिनियात ताब्यासाठी कोर्टात आलेल्या कुटुंबांची त्यांनी यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली. काही मध्यस्थीकडे गेली, काही नेहमीच्या कोर्टाच्या वाटेने. मध्यस्थीला सरासरी पाच-सहा तास लागले. बारा वर्षांनी त्यांनी या कुटुंबांना पुन्हा गाठलं. मुलासोबत न राहणारे पालक आठवड्यातून एकदा तरी मुलाला भेटतात का? मध्यस्थीच्या गटात २८ टक्के, कोर्टाच्या गटात ९ टक्के. आठवड्याला फोन? ५२ आणि १४ टक्के. अभ्यास लहान होता. पण मोजक्या तासांचा परिणाम बारा वर्षं टिकावा, ही साधी गोष्ट नाही.

आपल्याकडे १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य मानलं आहे. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे ‘आता नांदायला जा’ असं सांगतील, या भीतीने बरेच जण तिथे तोंडच उघडत नाहीत. लग्न टिकवायचं नाही असं पक्कं ठरलं असलं तरी मुलांचं कसं करायचं, हे त्याच टेबलावर बोलता येतं. आणि ते बोलावंच. अपवाद एकच: एक पालक दुसऱ्याच्या धाकाखाली असेल, तर समोरासमोर बसवून केलेली तडजोड ही तडजोड नसते.

मूल पाच वर्षांखालचं आहे. म्हणजे ताबा आईलाच?

साधारणपणे हो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये तसं म्हटलं आहे. २०१५ मध्ये गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं: एवढ्या लहान मुलाची आई अयोग्य आहे असं वडिलांचं म्हणणं असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार वडिलांवर आहे. मात्र त्याच कायद्याचं कलम १३ मुलाच्या हिताला सर्वांत वर ठेवतं. त्यामुळे पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ताबा आपोआप वडिलांकडे जात नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की हे स्पष्टच लिहिते.

नैसर्गिक पालक वडीलच ना? मग आईची सही चालते का?

पालकत्व वेगळं, ताबा वेगळा. मूल आईकडे राहत असताना कायद्याच्या भाषेत पालक वडील असू शकतात. १९५६ च्या त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेताना पालक म्हणून सही केली, ती रिझर्व्ह बँकेने नाकारली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या निकालात न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा लावला. वडील हयात आहेत पण मुलाकडे लक्षच देत नाहीत, अशा वेळी आई नैसर्गिक पालक ठरू शकते. कलमाची अक्षरं मात्र तशीच राहिली. २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात दोघांना एकाच पायरीवर आणायला सांगितलं. तो बदल झाला नाही, याचा त्रास आजही बायकांना बँकेच्या आणि शाळेच्या खिडकीवर होतो.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं. त्याने पालकत्वाचा कायदा बदलत नाही, पण फॉर्मवर आई दिसायला लागली.

माझा पगार कमी आहे. ताबा जाईल का?

नुसत्या पगारावर जात नाही. खर्चासाठी पोटगीची तरतूद आहे. मुलाचा दिवस कुणाच्या हातून जातो, डबा कोण करतं, ताप आल्यावर कोण जागतं, शाळेच्या पालकसभेला कोण जातं, हे न्यायालय बघतं. नोकरी करणाऱ्या आईला ‘तिला वेळ कुठे असतो’ असं ऐकवलं जातं. वडिलांच्या नोकरीबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मुलाला साक्षीला उभं करतात का?

तसं करत नाहीत. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्याचा कल विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश बहुतेक वेळा आपल्या दालनात त्याच्याशी बोलतात. मुलाचं म्हणणं हा एक मुद्दा असतो, निकाल नव्हे.

कृपा करून मुलाला घरून पढवून आणू नका. मोठ्या माणसांचे शब्द लहान तोंडात लगेच ओळखू येतात. ‘माझ्या कल्याणासाठी मला आईकडेच राहायचं आहे’ असं नऊ वर्षांचं मूल स्वतःहून म्हणत नाही. मुलाला निवड करायला लावणं हाच मुळात जाच आहे. तुझं ऐकून घेऊ, ठरवणार मात्र मोठी माणसं, हे त्याला सांगितलं की ते सुटकेचा श्वास घेतं.

दोघांना निम्मा निम्मा वेळ, हे सगळ्यांत न्याय्य नाही का?

पालकांमधला न्याय आणि मुलाचं हित या एकच गोष्टी धरून चालल्याने या विषयात फार घोळ झाला आहे.

आधी पुरावा बघू. रॉबर्ट बाउझरमन यांनी २००२ मध्ये ३३ अभ्यास एकत्र केले. संयुक्त ताब्यातली मुलं एकट्या पालकाकडच्या मुलांपेक्षा सरासरीने बरी होती. स्वीडनमध्ये आलटून पालटून दोन्ही घरी राहणं बऱ्यापैकी रूढ आहे. तिथे मलिन बर्गस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी बारा आणि पंधरा वर्षांच्या जवळपास दीड लाख मुलांची माहिती तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. झोप न येणं, डोकं दुखणं, पोटात दुखणं, उदास वाटणं अशा तक्रारी एकत्र कुटुंबातल्या मुलांत सर्वांत कमी होत्या, दोन्ही घरी राहणाऱ्यांत थोड्या जास्त, आणि एकाच पालकाकडे राहणाऱ्यांत सर्वांत जास्त.

मग सगळ्यांना हाच नियम का लावू नये? कारण जे पालक आपणहून वेळ वाटून घेतात ते बहुधा आधीपासून एकमेकांशी बोलू शकतात, जवळ राहतात, खिशातही बरे असतात. त्यांच्या मुलांचं बरं चाललंय ते वाटणीमुळे की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे वेगळं काढणं कठीण आहे. आणि कोर्टात शेवटपर्यंत लढणारे लोक हे नव्हेत. मॅकोबी आणि म्नूकिन यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे अकराशे कुटुंबांचा माग ठेवला, तेव्हा बहुतेकांनी मुलांबाबत आपसातच मिटवलेलं आढळलं. न्यायाधीशापुढे ताब्याच्या निकालापर्यंत पोचलेली कुटुंबं अगदी मोजकी होती.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव धोरण ठरवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तिथे २००६ मध्ये कायद्यात दोन्ही पालकांच्या समान जबाबदारीचं गृहीतक आलं. जबाबदारी समान, म्हणजे वेळही निम्मा निम्मा मिळणार, असं लोकांनी धरलं. २००९ मधल्या मूल्यमापनात दिसलं, की बहुतेक घरांत वाटणी ठीक चालते, पण जिथे सुरक्षिततेची भीती आहे तिथे मुलांना ती महागात पडते. २०२३ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि मे २०२४ पासून ते गृहीतक गेलं.

आपल्या विधी आयोगानेही २०१५ मध्ये संयुक्त ताब्याची शिफारस केली, ती कुणाचा हक्क म्हणून नव्हे तर मुलाच्या हिताला धरून असेल तिथे वापरायचा पर्याय म्हणून. मला ही भूमिका पटते. मुंबईपुरतं बोलायचं तर एक घर विरारला आणि दुसरं पनवेलला असेल, तर निम्म्या वाटणीत मुलाचा अर्धा आठवडा लोकलमध्ये जाईल.

माझं मूल मला भेटायला तयार नाही. समोरच्याने त्याचं मन कलुषित केलंय.

असं होतं, आणि ते क्रूर आहे. पण मूल भेटायला नकार देतं म्हणजे प्रत्येक वेळी तेच कारण असतं असं नाही. रिचर्ड गार्डनर या मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये याला ‘पेरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’ असं आजाराचं नाव दिलं आणि ते जगभर कोर्टांत गाजलं. त्यावर खूप टीका झाली, कारण खऱ्या छळाची तक्रार करणाऱ्या पालकावरही तोच शिक्का मारता येतो. जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये नजर आजारावरून काढून मुलाकडे वळवली. मूल नकार का देतं? वयानुसार एखाद्या पालकाची ओढ असते. भांडणाला कंटाळून एक बाजू धरलेली असते. पालकाच्या मारझोडीची खरी भीती असते. आणि काही वेळा, कारण नसताना, शिकवलेला तिरस्कारही असतो. चारही ठिकाणी उपाय वेगळे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वडिलांकडे राहणाऱ्या, आणि तिथेच राहायचं म्हणणाऱ्या, आठ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे देताना या कल्पनेचा उल्लेख केला. तिला आईचा सहवासच मिळाला नव्हता, तर तिने तुलना कशाच्या जोरावर करायची, असा त्यामागचा विचार होता. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं, की हा शिक्का उठसूट मारू नका, नेमकं कोणतं वागणं मुलाला तोडतंय ते दाखवा. दोन्ही निकाल एकत्र वाचावेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर भेटीची वेळ चुकवू नका. मूल बोललं नाही तरी जा. कुटुंब न्यायालयाच्या मुलांच्या खोलीत मी असं बघितलंय: वडील प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवर बसलेले, मुलगी पाठ करून रंगवत बसलेली. वडिलांनी तासभर एकही प्रश्न विचारला नाही, नुसते खडू टोकदार करून देत राहिले. निघताना तिने स्वतःहून विचारलं, ‘पुढच्या शनिवारी हिरवा आणशील?’

भेटू देत नसतील तर पोटगी थांबवू का?

नाही. पोटगी मुलाच्या पोटाची आहे, भेट मुलाच्या मनाची. कोर्टाने दिलेली भेट अडवली जात असेल तर कोर्टातच अर्ज करा. आणि उलट बाजूनेही तसंच: पोटगी थकली म्हणून मुलाला दडवून ठेवू नका.

नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी केली आहे. चालेल ना?

नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह मोडत नाही. जातीत काडीमोडीची रूढी असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) तिला मान्यता देतं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेले लोक पुढे फार अडचणीत येतात. दोघं राजी असाल तर कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करा. मधला सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे.

घटस्फोट हे पाश्चात्त्य खूळ नाही का? आपल्याकडे कुठे होतं?

होतं. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड आणि त्यानंतर पाट लावणं (पुन्हा लग्न करणं) ही जुनी, पंचांच्या साक्षीने चालणारी रीत होती. ज्यांच्यात ती नव्हती त्या जातींच्या चालीलाच पुढे ‘आपली संस्कृती’ म्हटलं गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात तो १९३१ मध्ये आला आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये. हिंदू विवाह कायदा त्यानंतरचा. गोव्यात तर पोर्तुगीजांच्या १९१० च्या घटस्फोट कायद्याचा वारसा आहे.

आजचं प्रमाण? २०११ च्या जनगणनेवरून सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांनी केलेल्या विश्लेषणात घटस्फोटित व्यक्ती सुमारे १३.६ लाख, म्हणजे विवाहितांच्या ०.२४ टक्के दिसतात. विभक्त राहणारे त्यांच्या जवळपास तिप्पट. माझ्या दृष्टीने हा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. माहेरी परत आलेली, कागद नसलेली, पोटगी नसलेली बाई त्या तिपटीत आहे. तिच्या मुलांबद्दलचा प्रश्न कुठल्याही कोर्टासमोर आलेलाच नसतो.

कायदा सोपा केला तर संसार पटापट मोडतील, नाही का?

अमेरिकेत १९७० च्या सुमारास एकेक राज्य एकतर्फी घटस्फोट (जोडीदारांपैकी एकाच्याच मागणीवर मिळणारा) मान्य करत गेलं, त्यामुळे तुलना करता आली. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २००६ मध्ये दाखवलं, की असा कायदा आलेल्या राज्यांत स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या आणि घरातली मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी. दार उघडं आहे हे कळल्यावर आत राहणाऱ्यांचंही वागणं सुधारतं. जोनाथन ग्रुबर यांना मात्र २००४ मध्ये दुसरी बाजू दिसली: अशा राज्यांत वाढलेली मुलं पुढे सरासरीने शिक्षणात आणि उत्पन्नात थोडी मागे राहिली. दोन्ही निष्कर्ष मान्य करून मग ठरवायचं असतं, की मुलांचं ते नुकसान पोटगी, शाळा आणि आईच्या रोजगारातून कसं भरून काढायचं. आपल्याकडे संसार परत न जुळण्याइतका मोडला आहे, या कारणावर घटस्फोट देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झालं आणि पुढे बारगळलं.

आजी-आजोबांना काही हक्क आहे का?

आईवडील असताना त्यांचा दावा दुय्यम. पण ते नसतील तर वयामुळे बाद होत नाहीत. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या एका मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आजी-आजोबांना दिला. ताबा मागणाऱ्या मावशीचं वय कमी आणि उत्पन्न जास्त होतं, तरीही.

परदेशातल्या कोर्टाची ऑर्डर आहे आणि मूल पुण्यात आणलंय. पुढे काय?

न्यू जर्सी, सिंगापूर, लंडनमधली मराठी कुटुंबं हा प्रश्न हल्ली सर्रास विचारतात. मुलांना परदेशातून परस्पर नेण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे तिथली ऑर्डर इथे आपोआप लागू होत नाही. ती एक महत्त्वाची बाब म्हणून बघितली जाते, निर्णय मुलाच्या हितावर होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. याचा अर्थ ‘तिकीट काढा आणि या’ असा घेऊ नका. मूल तिथे किती रुजलं होतं, इथे किती रुजलं, अर्ज किती लवकर झाला, यावर बरंच ठरतं. २०२० मध्ये न्यायालयाने व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही हक्क म्हणून उल्लेख केला. दोन देशांत राहणाऱ्या पालकांना त्याचा फार उपयोग आहे.

दुसरं लग्न केलं तर ताबा जातो?

आपोआप जात नाही. मात्र नव्या घराची घडी बसायला हेदरिंग्टन यांच्या अभ्यासात पाच ते सात वर्षं लागलेली दिसली. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात ‘बाबा’ म्हणायची सक्ती करू नका.

पालकत्वाचा आराखडा म्हणतात तो काय? त्यात काय लिहायचं?

वेगळं झाल्यावर मुलाचं कोण काय करणार, हे लिहून काढलेला कागद. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांसाठी भेटी आणि ताब्याच्या मार्गदर्शक तत्त्वांबरोबर असा नमुना तयार झाला आहे. नुसतं ‘सणावारी मूल वडिलांकडे’ असं लिहून भागत नाही. गणपती दीड दिवसाचा की दहा दिवसांचा, आणि दोन्ही घरी बसत असेल तर यंदा कुणाकडे? लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज वेगवेगळ्या घरी चालेल का? मे महिन्याची सुट्टी कोणत्या तारखेला निम्मी होते? शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघं असणार का? डॉक्टरांचा कागद कुणाकडे, चष्म्याचा खर्च कुणाचा? मुलाला आणायला उशीर झाला तर कुणाला फोन? ते आजारी पडलं तर भेट बुडाली की पुढच्या आठवड्यात भरून द्यायची? भांडणं नेमकी या बारीकसारीक गोष्टींवरून पेटतात, म्हणून त्या आधीच लिहून ठेवायच्या.

एकदा ऑर्डर झाली की बदलत नाही का?

बदलते. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटली तर तो फिरवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून मान्य केलं आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी ठरवलेलं वेळापत्रक तेरा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही. त्याला क्लास असतो, क्रिकेट असतं, मित्र असतात. दोघांचं एकमत असेल तर संमतीचा अर्ज द्यावा. नसेल तर नेमकं काय बदललं, हे शाळेच्या, डॉक्टरच्या कागदांसह मांडावं. अर्ज साधारणपणे मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कुटुंब न्यायालयात करायचा, आणि तिथे कुटुंब न्यायालय नसेल तर जिल्हा न्यायालयात.